पँटिकेलिनचे विल्यम्स : वेल्स देशाचे गीतकार

वेल्स हा देश इंग्लंडच्या पश्चिमेस लागून आहे. मुलूख डोंगराळ, पाऊस फार, जमीन हलकी. मेंढरे व गुरे ह्यांवर लोकांचा निर्वाह. अठराव्या शतकात तेथे राज्य इंग्लंडच्या राजाचे होते व कोर्टकचेरीची भाषा इंग्रजी होती. परंतु घरची, शेताची व बाजाराची भाषा वेल्श. ही वेल्श भाषा इंग्रजीची बोली नव्हे. ती त्या बेटात इंग्रजीच्या आधीपासून बोलली जात आहे, आणि न शिकलेल्या इंग्रज मनुष्यास तिचे एक वाक्यही कळत नाही. ह्या देशात १७१७ साली एका शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या विल्यम विल्यम्स ह्यांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो. त्यांना दोन्ही भाषा उत्तम येत होत्या व दोन्हींत त्यांनी देवाची स्तुती लिहिली. एकीत ते पाहुणे राहिले, दुसरीत घरधनी झाले. हे असे का झाले, हे आमच्या गावोगावच्या उपदेशकांनी समजून घेण्याजोगे आहे.

त्यांचा जन्म कारमार्थनशायर परगण्यात, लँडोव्हरी गावाजवळ, केव्हन-कोइड नावाच्या शेतावर झाला. वडील जॉन विल्यम्स हे केव्हनार्थेन येथील स्वतंत्र मंडळीचे वडील, म्हणजे राजमान्य इंग्लिश मंडळीपासून वेगळे राहून उपासना करणाऱ्यांपैकी एक होते. मुलगा झाला तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. आई डोरोथी त्यांच्याहून तीस-बत्तीस वर्षांनी लहान. तिच्या माहेरचे शेत जवळच होते. त्याचे नाव पँटिकेलिन. होली म्हणून त्या देशात काटेरी पानांचे एक झाड असते, त्या झाडांची सखल जागा, असा ह्या नावाचा अर्थ. हे शेत पुढे आईकडे आले व वडील १७४२ साली वारल्यावर आई व मुलगा तेथे राहू लागले. वेल्समध्ये विल्यम्स, जोन्स, इव्हान्स ही नावे इतकी सर्रास आहेत की नुसत्या नावावरून मनुष्य ओळखू येत नाही. म्हणून आपल्याकडे गावात जसे मळ्यावरचे पाटील, वेशीजवळचे मास्तर म्हणतात, तसे तेथे शेताच्या नावाने माणसास ओळखतात. विल्यम्स ह्यांना वेल्श लोक अद्याप नुसते पँटिकेलिन म्हणतात.

ते तरुण असतानाच त्यांच्या वडिलांच्या मंडळीत मोठी फूट पडली. तारण सर्वस्वी देवाच्या निवडीवर आहे, की त्यात मनुष्याच्या इच्छेलाही काही वाव आहे, ह्याविषयी वाद माजला व १७४० च्या सुमारास वडील जॉन विल्यम्स ह्यांच्या पक्षाचे लोक मंडळी सोडून बाहेर पडले. ज्या मंडळ्यांत अशी भांडणे झाली आहेत तेथील वाचकांस हे चित्र नवीन वाटणार नाही. एका बाकावर बसून गाणारे शेजारी एकमेकांच्या घरी जाईनासे होतात. मुलाच्या मनावर ह्याचा काय परिणाम झाला असेल तो असो. पुढे त्याने शिकवणीवरील वादापेक्षा अंतःकरणाच्या अनुभवावर अधिक लिहिले, एवढे खरे.

आईवडिलांचा विचार मुलाने वैद्य व्हावे असा होता. त्याकरिता लुइन-लुइड येथील विद्यालयात त्यांना पाठविले. हे विद्यालय इंग्लंडच्या सरहद्दीजवळ होते. तेथे शिकत असता १७३७ किंवा १७३८ साली एका दिवशी टॅलगार्थ गावच्या देवळाच्या कबरस्तानात त्यांनी एक प्रवचन ऐकले. प्रवचन करणारा हॉवेल हॅरिस नावाचा शाळामास्तर होता. त्याचे वय चोवीस वर्षांच्या आसपास, अंगावर पाळकाचा झगा नाही, बिशपाची दीक्षा नाही. देवळात बोलण्याची त्याला परवानगी नव्हती म्हणून तो बाहेर थडग्यांमध्ये उभा राहून बोलत होता. न्याय, पाप व ख्रिस्ताचे रक्त ह्यांविषयी तो जे बोलला ते ह्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याच्या अंतःकरणात बाणासारखे शिरले. वैद्यकी तेथेच राहिली.

त्यांच्या घरचे लोक स्वतंत्र मंडळीचे. तथापि त्यांनी स्वतः राजमान्य मंडळीत सेवा पतकरली. हॅरिस व लॅनगाइथोचे पाळक डॅनियल रोलंड ह्यांनी चालविलेले संजीवन त्याच मंडळीच्या आत होते, हे त्याचे कारण दिसते. १७४० साली त्यांना डीकनची दीक्षा मिळाली व लॅनुर्टिड आणि आसपासच्या डोंगरी गावांसाठी थिओफिलस इव्हान्स ह्यांच्या हाताखाली मदतनीस पाळक म्हणून त्यांची नेमणूक झाली. इव्हान्स हे वेल्श भाषेचे मोठे लेखक व विद्वान गृहस्थ, परंतु मेथडिस्ट लोकांचा त्यांना मनापासून तिटकारा. मदतनीस तर आपल्या गावाच्या हद्दीबाहेर जाऊन कोठारांत व माळावर उपदेश करू लागला. लोकांनी बिशपाच्या कोर्टात तक्रारी केल्या, आणि १७४३ साली विल्यम्स पूर्ण पाळकपणाची दीक्षा मागावयास गेले तेव्हा बिशपांनी ती नाकारली.

हे नाकारणे म्हणजे काय, हे नीट समजले पाहिजे. त्या मंडळीच्या नियमाप्रमाणे डीकनला उपदेश करता येतो, बाप्तिस्मा देता येतो. परंतु प्रभूच्या भोजनाची भाकर व प्याला ह्यांवर आशीर्वाद मागण्याचा अधिकार त्याला नसतो. विल्यम्स ह्यांच्यापुढे तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची सेवा होती. त्या सर्व काळात हजारो लोक त्यांच्या तोंडून वचन ऐकत, त्यांच्या गीतांनी रडत व हसत. पण भोजनाच्या मेजाशी ते दुसऱ्याचे साहाय्यक म्हणूनच उभे राहत. लॅनगाइथो येथे रोलंड भोजनविधी चालवीत, त्याकरिता लोक डोंगर ओलांडून पायी येत, आणि विल्यम्स प्याला घेऊन रांगेतून फिरत. आमच्या ज्या उपदेशकांना पाळक येईपर्यंत महिनोन् महिने भोजनाची वाट पाहावी लागते, ज्यांना स्वतःच्या हाताने घडविलेल्या मंडळीत तो विधी चालविता येत नाही, त्यांना ह्या गोष्टीचे दुःख सांगावयास नको. विल्यम्स ह्यांना ह्याचे दुःख झाले नसेल असे आम्हांस वाटत नाही. परंतु बिशपाशी भांडत बसण्यात, किंवा पंथ बदलून दुसरीकडे दीक्षा मिळविण्यात त्यांनी आपले आयुष्य घालविले नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. विल्यम्स ह्यांना पगार नव्हता, पण शेत होते. १७४८ च्या सुमारास मेरी फ्रान्सिस ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आठ मुले झाली, आणि पँटिकेलिनच्या शेताने त्या सर्वांना पोसले. शिवाय फेरीवर जाताना घोड्याच्या पाठीवर ते आपली पुस्तके नेत व विकत. चहाचाही थोडा व्यापार करीत. चहा त्या काळी मोलाची वस्तू होती. कोणी म्हणेल की पाळकाने चहा विकावा हे शोभते काय? पौल तंबू शिवीत असे. पण ज्यांच्या घरी ना शेत ना चहा, अशा उपदेशकाला विल्यम्स ह्यांचे उदाहरण दाखवून बिनपगारी सेवेचा उपदेश करणे हे न्यायाचे होणार नाही, असे आम्ही मंडळ्यांच्या पंचांस नम्रपणे सुचवितो.

आता त्यांच्या मुख्य कामाकडे वळू. परंतु त्याआधी आणखी एका मनुष्याचे नाव घेतले पाहिजे, कारण त्याच्यावाचून हे काम झालेच नसते. लॅनडाउररचे पाळक ग्रिफिथ जोन्स ह्यांनी १७३१ च्या सुमारास फिरत्या शाळा काढल्या. मास्तर एका गावी येई, बहुधा हिवाळ्यात, म्हणजे शेतीचे काम कमी असताना. सुमारे तीन महिने राही. दिवसा मुलांस व रात्री मोठ्या माणसांस शिकवी. मग पुढच्या गावी जाई. शिकवावयाचे ते एकच, वेल्श भाषेतील बायबल वाचणे. लोकांना इंग्रजी शिकवावे असे म्हणणारे पुष्कळ होते. जोन्स म्हणत की परक्या भाषेत अक्षर ओळखण्यात वर्षे जातील व मनुष्य तोपर्यंत मरेल. त्याच्या आईच्या भाषेत तो तीन महिन्यांत शास्त्र वाचू लागतो. १७६१ साली जोन्स वारले तोपर्यंत अशा तीन हजारांवर शाळा भरल्या होत्या व दीड लाखांहून अधिक लोक त्यांत शिकले होते. म्हातारी माणसे, डोळ्यांना चष्मा लावून, नातवंडांच्या शेजारी बसत. अशा रीतीने डोंगरातल्या झोपड्यांत वाचणारे तयार झाले. त्यांना बायबल मिळाले होते, कारण विल्यम मॉर्गन ह्यांनी १५८८ सालीच सर्व बायबलाचे वेल्श भाषांतर छापले होते. परंतु गावयास काय होते? जुनी छंदोबद्ध स्तोत्रे होती. त्यांपलीकडे फारसे काही नव्हते.

असे सांगतात की, मेथडिस्ट उपदेशकांच्या एका सभेत हॅरिस ह्यांनी सर्वांस सूचना केली की, ज्याला पद्य साधते त्याने पुढच्या सभेस काही कडवी रचून आणावी. पुढच्या सभेत सर्वांची कडवी वाचली गेली, आणि विल्यम्स ह्यांची ऐकल्यावर बाकीच्यांनी आपले कागद खिशात घातले. गोष्ट अक्षरशः अशीच घडली की नाही हे सोडून देऊ. १७४४ साली त्यांच्या गीतांचा पहिला भाग आलेलूया ह्या नावाने निघाला व १७४७ पर्यंत त्याचे आणखी भाग निघाले, हे मात्र निश्चित.

ह्या गीतांत नवीन ते काय होते? वेल्श भाषेत कवितेची परंपरा फार जुनी व फार कडक आहे. प्रत्येक ओळीत व्यंजनांची ठरावीक जुळणी साधावी लागते. ती विद्या गुरूपाशी वर्षानुवर्षे शिकावी लागते. आपल्याकडे मोरोपंतांच्या आर्या जशा विद्वानांच्या कौतुकाच्या, तशी ती कविता. विल्यम्स ह्यांनी तो मार्ग घेतला नाही. त्यांनी इंग्रजी गीतकारांची, विशेषतः आयझॅक वॉट्स ह्यांची सोपी वृत्ते घेतली, लोकांच्या ओळखीच्या चालींत बसतील अशी मापे घेतली, आणि त्यांत दक्षिण वेल्सच्या शेतकऱ्याची बोलण्यातली भाषा घातली. मोरोपंतांच्या वाटेने न जाता ते तुकोबांच्या वाटेने गेले, असे म्हटले तर वाचकांस चटकन कळेल.

त्याची किंमतही त्यांना द्यावी लागली. त्यांच्या गीतांत व्याकरणाच्या चुका आहेत, यमके ओढूनताणून जुळविलेली आहेत, बाजारात रुळलेले इंग्रजी शब्द शुद्ध वेल्श शब्दांच्या मांडीला मांडी लावून बसले आहेत. वेल्श पंडितांनी त्यांना ह्याबद्दल दोष दिला, आणि तो दोष खोटा नाही. आलेलूया नंतर ते स्वतःही सावध झाले व पुढील संग्रहांत भाषा व वृत्त अधिक घोटून घेतले. १७६६ साली एका संग्रहाच्या प्रस्तावनेत त्यांनी नव्या गीतकारांस सल्ला दिला आहे. वेल्श व इंग्रजी कवितेची जी पुस्तके मिळतील ती वाचावी, संदेष्टे, स्तोत्रे, ईयोब व गीतरत्न ह्यांचा अभ्यास करावा, आणि आत्मा जागा झाल्यावाचून लेखणी उचलू नये, असा त्याचा मथितार्थ आहे. आमच्याकडे हल्ली पुष्कळ तरुण गीते रचतात. त्यांतील काहींचा आत्मा जागा असतो व कान झोपलेला असतो. काहींचे उलट असते. विल्यम्स ह्यांनी दोन्ही जागे ठेवण्यास सांगितले.

आमची स्वतःची एक चूक येथे कबूल करतो. सेमिनरीतून नवीनच बाहेर पडलो तेव्हा आम्ही एका खेड्यात नीतिमान ठरविले जाणे ह्या विषयावर तासभर प्रवचन केले. शब्द सारे संस्कृत व निर्दोष होते. उपासना संपल्यावर एका वृद्ध बाईने आमच्या पाया पडून सांगितले की, पाळकबुवांचे बोलणे फार मोठे होते, देवाला नक्की समजले असेल. विल्यम्स ह्यांचे चरित्र वाचताना ती बाई आम्हांस पुष्कळदा आठवली.

१७५० च्या सुमारास हॅरिस व रोलंड ह्यांच्यात वितुष्ट आले. हॅरिस ह्यांच्या शिकवणीत व वागणुकीत काही गोष्टी इतरांस पटेनात, आणि त्यांचा स्वभावही हट्टी होता. मंडळ्या दोन तट करून बसल्या. विल्यम्स रोलंडच्या बाजूस राहिले. ज्या मनुष्याने त्यांना ख्रिस्ताकडे आणले त्याच्याविरुद्ध उभे राहण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला. पुढची दहाबारा वर्षे कोरडी गेली. सभा भरत, पण पहिला ओलावा नव्हता.

मग १७६२ साली विल्यम्स ह्यांचा नवा संग्रह बाहेर पडला. प्रकटीकरणाच्या पंधराव्या अध्यायात काचेच्या समुद्राजवळ वीणा घेऊन उभे असलेले विजयी लोक आहेत. त्यांची गीते, असे त्याचे नाव होते. तो संग्रह लॅनगाइथोच्या मंडळीत आला व जणू ठिणगी पडली. लोक एकच कडवे पुनःपुन्हा गात, रात्र सरून जाई, शेतकरी व मोलकरणी आनंदाने उड्या मारीत. बाहेरचे लोक त्यांना उड्या मारणारे म्हणून हिणवू लागले. झांजा व ढोलकी घेऊन पहाटेपर्यंत भजन करणाऱ्या आमच्या मंडळ्यांना ह्यात नवल वाटणार नाही. विल्यम्स ह्यांनी ह्या आनंदाची बाजू घेऊन एका काल्पनिक बाईच्या पत्राच्या रूपाने पुस्तक लिहिले. आणि दुसऱ्याच वर्षी त्याला उत्तर म्हणून आणखी एक लिहून सावधगिरीचे बोल सांगितले : संजीवनाच्या दिवसांत खरे गव्हाबरोबर निदणही उगवते, प्रत्येक अश्रू आत्म्याचा नसतो. हॅरिसही १७६३ साली परत आले व समेट झाला. पुढे १७७३ साली ते वारले तेव्हा त्यांच्यावर विल्यम्स ह्यांनी शोकगीत लिहिले. त्यात टॅलगार्थच्या कबरस्तानातील त्या दिवसाचे स्मरण आहे. अशी शोकगीते त्यांनी सुमारे तीस लिहिली. काही प्रसिद्ध पुरुषांवर, काही साध्या विश्वासणाऱ्यांवर.

गीतांइतकेच महत्त्वाचे त्यांचे दुसरे काम म्हणजे अनुभवाच्या संगती. ज्या गावी लोकांचे हृदय पालटे तेथे आठवड्याला किंवा पंधरवड्याला एक लहान सभा भरे. त्यात प्रवचन नसे. प्रत्येकाने आपल्या जिवाची स्थिती सांगावी, आणि पुढाऱ्याने विचारपूस करून सल्ला द्यावा. अशा शेकडो संगतींत विल्यम्स फिरले. १७७७ साली त्यांनी संगतीचे दार अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक संवादरूपाने लिहिले. आमच्या मते उपदेशकांनी ज्याचा सारांश तरी जाणून घ्यावा असे हे पुस्तक आहे. नवीन येणाऱ्याला व जुन्या विश्वासणाऱ्याला एकच प्रश्न विचारू नये, असे ते शिकविते. नव्या माणसाकडून मोठा प्रकाश व ठाम खात्री मागू नये. त्याला पापाचा कंटाळा व ख्रिस्ताची भूक आहे की नाही एवढे पाहावे. जुन्याला मात्र कडक प्रश्न करावे : गर्व वाढला काय, पैशाची गोडी लागली काय, शेजाऱ्याशी कसे आहे. संगतीत ऐकलेली गोष्ट बाहेर नेऊ नये. नेणारा मंडळीचे घर फोडतो. हे वाचताना आम्हांस वाटते की त्यांची वैद्यकी वाया गेली नाही. तेच नाडी पाहणे, तेच सावकाश विचारणे, एकाचे औषध दुसऱ्यास न देणे.

त्यांची पुस्तके व पत्रके मिळून नव्वदांच्या आसपास आहेत. सर्वांची नावे देऊन वाचकांस कंटाळा आणीत नाही. थिओमेम्फस नावाच्या एका जिवाचा पापापासून मृत्यूपर्यंतचा प्रवास सांगणारे दीर्घकाव्य १७६४ साली निघाले. त्यात तो जीव तारण पावल्यावर पुन्हा मोहात पडतो व पुन्हा उठविला जातो, आणि ह्या भागामुळेच ते खरे वाटते. जगातील धर्मांचा इतिहास त्यांनी १७६२ पासून १७७९ पर्यंत भागाभागाने छापला, कारण डोंगरातल्या शेतकऱ्यालाही जग ठाऊक असावे असा त्यांचा आग्रह होता. विवाहाविषयीचे एक पुस्तक दोन स्त्रियांच्या संभाषणाच्या रूपाने आहे. आणि १७७९ साली त्यांनी उकॉसॉ ग्रोनिओसॉ नावाच्या आफ्रिकी मनुष्याचे, जो गुलाम म्हणून विकला गेला होता व पुढे ख्रिस्ताकडे आला, त्याचे आत्मचरित्र वेल्श भाषेत आणले. जे लोक स्वतः हलके गणले जात त्यांच्या हाती त्यांनी अधिक तुडविलेल्या भावाची गोष्ट दिली.

इंग्रजीतही त्यांनी लिहिले. १७५९ साली एक व १७७२ साली एक असे दोन इंग्रजी संग्रह निघाले. दोन्ही मिळून शंभरांहून अधिक गीते. दुसरा संग्रह हंटिंग्डनच्या उमराव बाई सेलिना ह्यांच्या इच्छेवरून झाला; अमेरिकेतील जॉर्जिया येथे व्हिटफील्ड ह्यांनी काढलेल्या अनाथगृहाकरिता त्यांना गीते हवी होती. त्यात अंधाऱ्या डोंगरांवर पहाट उगवण्याची वाट पाहणारे एक गीत आहे. परदेशी मिशन पाठविणारी इंग्रज मंडळे तोपर्यंत फारशी नव्हती. विल्यम केरी ह्यांना बंगालच्या किनाऱ्यावर उतरावयास आणखी एकवीस वर्षे होती. नंतरच्या मिशनरींनी तेच गीत आपले म्हणून गाइले.

त्यांचे जे गीत इंग्रजी बोलणाऱ्या सर्व जगाला ठाऊक आहे, ते रानातून चालणाऱ्या यात्रेकरूचे. मान्ना, खडकातले पाणी, अग्नीचा स्तंभ, शेवटी यार्देन. ते मुळात वेल्श असून १७४५ च्या आलेलूयात छापले होते. त्याचे इंग्रजी १७७१ साली पीटर विल्यम्स नावाच्या दुसऱ्याच पाळकाने केले. पुढच्या वर्षी त्यातले पहिले कडवे ठेवून बाकीची नव्याने केलेली दिसतात; ती आमच्या चरित्रनायकांनी केली किंवा त्यांचा मुलगा जॉन ह्याने केली असे मानतात. म्हणजे इंग्रजीतील त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध गीताचे दारसुद्धा दुसऱ्याने उघडून दिले. त्यांनी स्वतः इंग्रजीत रचलेल्या बाकीच्या गीतांपैकी आज फारच थोडी गाइली जातात. ती शुद्ध आहेत, भक्तिपर आहेत. पण ती वाचताना दिवाणखान्यात जपून बसलेला पाहुणा दिसतो. वेल्शमधील साडेआठशेच्या आसपास गीतांत मात्र मनुष्य आपल्या चुलीपाशी बसला आहे. तेथे तो रडतो, देवाशी हट्ट करतो, रात्री वाट चुकलेल्या माणसाप्रमाणे डोंगरापलीकडे उजेड दिसतो काय हे पाहतो. ते डोंगर बायबलातले आहेत आणि पँटिकेलिनच्या मागचेही आहेत.

आई डोरोथी १७८४ साली, नव्वदी पार करून वारली. शेवटच्या काही वर्षांत विल्यम्स ह्यांना कष्टाच्या आजाराने घेरले व फेऱ्या थांबल्या. आयुष्यभर जो मनुष्य घोड्यावर होता त्याला खोलीत पडून राहणे आले. बालाचे पाळक टॉमस चार्ल्स ह्यांस त्या दिवसांत त्यांनी पत्रे लिहिली. १७९० च्या ऑक्टोबरात रोलंड वारले. आजारी विल्यम्स ह्यांनी त्यांच्यावरही शोकगीत लिहिले. ११ जानेवारी १७९१ रोजी पँटिकेलिन येथे त्यांचा अंत झाला. लॅनवायर-आर-अ-ब्रिन येथील देवळाच्या आवारात त्यांना पुरले; वडिलांची कबरही तेथेच आहे. ज्या मंडळीने त्यांना पूर्ण दीक्षा दिली नाही तिच्याच भूमीत ते विसावले.

ज्या लोकांत त्यांनी काम केले ते १८११ सालापर्यंत राजमान्य मंडळीतच राहिले. त्या वर्षी त्यांनी स्वतःच आपल्या उपदेशकांस दीक्षा दिली. आणि विल्यम्स ह्यांना जे आयुष्यभर मिळाले नाही ते त्यांच्या मागून आलेल्या शेतकरी उपदेशकांस मिळाले. त्याच लोकांनी पुढे आपले मिशन काढले व पहिला मनुष्य हिंदुस्थानात पाठविला. त्याचे नाव टॉमस जोन्स. तो १८४१ साली आसामाजवळील खासी डोंगरांत, चेरापुंजीस पोहोचला. तेथील लोकांची भाषा लिहिली जात नव्हती म्हटले तरी चालेल; थोडा प्रयत्न बंगाली लिपीत झाला होता, तो रुजला नाही. जोन्स ह्यांनी त्यांना इंग्रजी शिकवून बायबल वाचावयास लावले नाही. त्यांनी खासी भाषा रोमन अक्षरांत लिहिली, आणि अक्षरांचे उच्चार बसविताना ते इंग्रजीप्रमाणे न बसविता वेल्शप्रमाणे बसविले. खासी लोक आजही आपली भाषा त्याच अक्षरांत लिहितात, आणि आपली गीते त्यांतूनच वाचून गातात.